अरुंद टेबल आणि मॉनिटरचे खरे माप

प्रश्न : मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते आणि दोन लहान व्यवसायांचे हिशेबही लिहिते. दिवसाचे सात-आठ तास 14 इंची लॅपटॉपसमोर मान खाली घालून जातात आणि संध्याकाळपर्यंत मान व खांदे भरून येतात. माझे टेबल 75 सेंटीमीटर रुंद आहे, पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत जेमतेम 45 सेंटीमीटर जागा आहे आणि टेबलाच्या वर 48 सेंटीमीटरवर भिंतीत पक्की बसवलेली फळी आहे. लॅपटॉपच्या शेजारी मावेल असा सर्वांत लहान मॉनिटर घ्यावा, असा विचार आहे. भाचा त्याच्याकडचा जुना, चौकोनी, 19 इंची मॉनिटर द्यायला तयार आहे. शिवाय वापर झाल्यावर उचलून ठेवता येणारे 15 इंची पोर्टेबल मॉनिटरही मी पाहिले. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : टेबलाची तिन्ही मापे तुम्ही मोजून कळवलीत हे फार बरे केले, कारण मॉनिटरची निवड या मापांवरच ठरते आणि बहुतेक जण ती न घेताच खरेदीला निघतात. माझे मत आधीच सांगून टाकते : ‘सर्वांत लहान मॉनिटर’ हा निकष तुम्ही सोडून द्यावा. टेबलावरची जागा पडदा फारशी अडवत नाही, कारण तो हवेत असतो. जागा अडते ती त्याच्या स्टँडच्या बैठकीने, मागे निघणाऱ्या केबलींनी आणि शेजारी उघड्या राहिलेल्या लॅपटॉपने. या तीन गोष्टींची सोय लावली, तर तुमच्या टेबलावर 24 इंची मॉनिटर व्यवस्थित बसतो. ती लावली नाही, तर 19 इंचीसुद्धा अडचण करतो.

आधी रुंदीचा हिशेब पाहू. मॉनिटरचे इंचातले माप हे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असते. त्यावरून रुंदीचा अंदाज सहसा चुकतो. आजच्या 16:9 (रुंदी 16 भाग, तर उंची 9) प्रमाणाच्या पडद्यांत 23.8 इंची, म्हणजे सहसा 24 इंची म्हटल्या जाणाऱ्या पडद्याची रुंदी सुमारे 52.7 सेंमी आणि उंची 29.6 सेंमी भरते, तर 21.5 इंचीची रुंदी 47.6 आणि उंची 26.8 सेंमी. म्हणजे एक आकार खाली उतरून तुम्ही रुंदीत वाचवता फक्त पाच सेंटीमीटर. 14 इंची लॅपटॉप उघडून ठेवला की त्याला 31 ते 32 सेंमी लागतात. 21.5 इंची मॉनिटर आणि लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवायचे तर कडांसकट 80 सेंमी टेबल हवे, आणि तुमचे आहे 75. आणखी खाली, 19.5 इंचीपर्यंत उतरलात तरी पडद्याचे 43, त्याच्या कडांचे एक-दोन आणि लॅपटॉपचे 32 मिळून बेरीज 76 च्या पुढेच जाते. ज्या कारणासाठी तुम्ही लहान मॉनिटर शोधत आहात ते कारण लहान मॉनिटर घेऊनही साध्य होत नाही, हे यावरून लक्षात येईल.

तेव्हा लॅपटॉप शेजारी उघडा ठेवण्याचा बेत रद्द करावा. तो तसाही मानेच्या हिताचा नाही, कारण दोन पडदे बाजूबाजूला आले की दोन्ही तिरपे राहतात आणि दिवसभर मान एका अंगाला वळलेली राहते. लॅपटॉप मिटून, त्यासाठी मिळणाऱ्या उभ्या खाचेच्या स्टँडमध्ये टेबलाच्या कडेला उभा ठेवला की त्याला सात-आठ सेंटीमीटर रुंदी पुरते. झाकण मिटल्यावरही काम चालू राहावे यासाठी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ असा पर्याय निवडावा लागतो. मॅकबुकला त्यासाठी चार्जर जोडलेला असावा लागतो. उभा ठेवताना हवेची जाळी कोणत्या कडेला आहे ते पाहून ती मोकळी राहील असे ठेवावे. वेगळा कीबोर्ड आणि माउस अर्थातच लागेल, आणि तुमच्या टेबलासाठी उजवीकडचा अंकांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड मी सुचवला असता. पण तुम्ही हिशेब लिहिता, म्हणून अंकांचा भाग असलेलाच घ्यावा. पडदा कीबोर्डच्या वर तरंगत असल्याने दोघांची रुंदी एकमेकांच्या आड येत नाही.

आता मुख्य मुद्दा, तो 45 सेंटीमीटरचा. पडदा डोळ्यांपासून साधारणपणे हातभर, म्हणजे 50 ते 75 सेंटीमीटरवर असावा, असे सांगितले जाते आणि ते अनुभवालाही पटते. नेहमीच्या स्टँडची बैठक पुढून मागे 18 ते 22 सेंमी असते. ती भिंतीला अगदी टेकवून ठेवली, तरी पडद्याची पुढची बाजू भिंतीपासून 14-15 सेंमी पुढे येते. मग टेबलाच्या कडेपर्यंत 30 सेंमी उरतात, त्यात कीबोर्ड आणि मनगट टेकण्याची जागा बसवायची. डोळे टेबलाच्या कडेपासून आणखी 15 ते 20 सेंमी मागे असतात. एकूण अंतर झाले 45 ते 50 सेंमी. हे अगदीच थोडे नाही, पण काठावरचे आहे, आणि याच कारणासाठी मी तुम्हाला 27 इंचीकडे वळू देणार नाही : तो जवळजवळ 60 सेंमी रुंद असतो आणि इतक्या जवळून त्याची दोन्ही टोके पाहायला सतत मान फिरवावी लागते. वक्र पडद्याच्या बाजू पुढे येतात आणि तो टेबलाची आणखी जागा घेतो, म्हणून तोही नको.

हे अंतर वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मॉनिटर भिंतीवर टांगणे. कमी जाडीचा भिंतीचा ब्रॅकेट आणि मॉनिटरची स्वतःची जाडी धरून पडद्याचा पृष्ठभाग भिंतीपासून सात-आठ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे स्टँडच्या तुलनेत सात सेंटीमीटर परत मिळतात आणि डोळ्यांपासूनचे अंतर 52 ते 57 सेंमी होते. शिवाय टेबलाचा पृष्ठभाग पूर्ण मोकळा राहतो. टेबल भिंतीत बसवलेले नसेल, तर मॉनिटर भिंतीवर गेल्यानंतर टेबल दहा सेंटीमीटर पुढे ओढून मागे फट ठेवता येते. तेवढेच अंतर काही खर्च न करता वाढते. ब्रॅकेटला वरखाली झुकवण्याची सोय असावी, ती का ते पुढे सांगते. भिंत स्वतःची नसेल, तिला भोके पाडता येत नसतील किंवा ती पोकळ फळ्यांची असेल, तर मात्र हा मार्ग सोडावा.

अशा वेळी बहुतेक जण मॉनिटर आर्म, म्हणजे मॉनिटर हवेत धरणारा, सांध्यांतून वळणारा हात सुचवतात. रुंद आणि प्रशस्त टेबलावर आर्म उत्तम चालतो, परंतु भिंतीला चिकटलेल्या 45 सेंटीमीटरच्या टेबलावर तो लोकांना वाटतो तितका उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्मचा खांब टेबलाच्या मागच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा असतो, त्यासाठी कडेच्या मागे थोडी मोकळी जागा लागते. पडदा मागे ढकलला की आर्मचा कोपर मागे भिंतीला अडतो आणि मग तो बाजूला वळवून ठेवावा लागतो. म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग मोकळा होतो, पण अंतर फारसे वाढत नाही. टेबलाचा माथा भुश्याच्या दाबीव फळीचा असेल, तर क्लॅम्पखाली लोखंडी पट्टी घालावी, नाहीतर कालांतराने फळी तिथे दबते; काचेच्या माथ्यावर आर्म लावूच नये. गॅसस्प्रिंगचा आर्म घेताना त्याची कमाल वजनमर्यादा सगळे पाहतात, परंतु त्याला किमान वजनाचीही मर्यादा असते, आणि 24 इंची हलका मॉनिटर त्याहून कमी वजनाचा निघाला तर आर्म त्याला खाली थांबू देत नाही, आपोआप वर जातो. तेव्हा स्टँड काढलेल्या मॉनिटरचे वजन माहितीपत्रकातून आधी पाहून घ्यावे.

थोडक्यात, तुमच्यासाठी माझा क्रम पहिला भिंतीचा ब्रॅकेट, दुसरा चपट्या बैठकीचा मूळ स्टँड आणि तिसरा आर्म असा राहील. चपटी बैठक म्हणजे सपाट, आयताकृती, जिच्यावर वही, फोन किंवा कीबोर्डची मागची कड टेकवता येते अशी. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन पाय पुढे पसरणारा स्टँड दिसायला नाजूक असतो, पण त्या दोन पायांच्या मध्ये काहीच नीट बसत नाही आणि ते नेमके कीबोर्डच्या जागेत येतात. ब्रॅकेट किंवा आर्म आज लावायचा नसला, तरी मॉनिटरच्या पाठीवर व्हेसा मापाची (ब्रॅकेट किंवा आर्म जोडण्यासाठीच्या ठरलेल्या मापाची) चार छिद्रे असल्याची खात्री करून घ्या. ती चौकोनात 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावर असतात. काही स्वस्त आणि काही दिखाऊ मॉनिटरांना ती नसतातच, आणि मग पुढचे सगळे मार्ग बंद होतात.

फळी आणि चष्मा हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील, आणि सुदैवाने ते एकाच दिशेने जातात. 23.8 इंची मॉनिटरची कडांसकट उंची सुमारे 32 सेंमी असते. त्याची खालची कड टेबलापासून सहा सेंटीमीटरवर ठेवली, तर वरची कड 38 सेंटीमीटरवर येते. फळीखाली दहा सेंटीमीटर मोकळे राहतात. सर्वसाधारण नियम असा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, आणि खुर्चीवर ताठ बसल्यावर डोळे टेबलापासून साधारण 40 ते 45 सेंमी वर असतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना मात्र पडदा या नियमापेक्षाही आणखी थोडा खाली लागतो. तुमच्या भिंगात लांबचे पाहण्याचा भाग वर, मधल्या अंतराचा मध्ये आणि वाचनाचा खाली असतो. पडदा उंच असला की त्यावरचे अक्षर मधल्या भागातून दिसावे म्हणून हनुवटी नकळत वर उचलली जाते आणि मानेच्या मागच्या बाजूला ताण येतो. म्हणून वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या पाच-सहा सेंटीमीटर खाली ठेवावी आणि पडद्याचा माथा थोडा मागे झुकवावा. झुकवता येणारा ब्रॅकेट घ्या म्हटले ते यासाठी. मूळ स्टँड वापरणार असाल तर तो किती उंच जातो यापेक्षा किती खाली येतो हे पाहा, कारण काही स्टँडवर खालची कड टेबलापासून दहा-बारा सेंटीमीटरच्या खाली येतच नाही. नवी मांडणी झाली की डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून तो आकडा चष्म्याच्या डॉक्टरांना सांगा. केवळ त्या अंतरासाठी बनवलेला वेगळा चष्मा तुमच्यासारखे दिवसभर वाचन करणाऱ्यांना पुष्कळ आराम देतो.

आता पडद्यावर काय दिसणार याकडे येऊ, कारण जागेच्या विचारात ही बाजू मागे पडते. आज तुमच्या लॅपटॉपवर आडवे 1920 आणि उभे 1080 पिक्सेल (चित्र ज्यांनी बनते ते ठिपके), म्हणजे 1920 गुणिले 1080, असण्याची शक्यता मोठी आहे, परंतु 14 इंचात ती अक्षरे फार बारीक होतात म्हणून विंडोज ती सहसा 150 टक्के मोठी करून दाखवते. तेवढेच पिक्सेल 23.8 इंची पडद्यावर मूळ आकारातच वाचता येतात, आणि म्हणून हिशेबाच्या तक्त्यात एका वेळी दीडपट ओळी दिसू लागतात. हिशेबासाठी इतके पुरेसे आहे. मुद्रितशोधनाची गरज वेगळी आहे. 23.8 इंची पडद्यावर 1920 गुणिले 1080 असल्यास एका इंचात सुमारे 93 पिक्सेल येतात. रोमन अक्षरांना ते चालून जातात, पण देवनागरीत रेफ, अनुस्वार, पहिली-दुसरी वेलांटी आणि ‘क्ष्म’ किंवा ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे थोड्याच पिक्सेलांत कोंबली जातात आणि शिरोरेखेवरचा ठिपका अनुस्वार आहे की रफारातला तुकडा, हे पाहायला डोळे ताणावे लागतात. त्याच आकारात 2560 गुणिले 1440 पिक्सेलांचा मॉनिटर घेतला तर घनता इंचाला सुमारे 123 होते. तो 125 टक्के वाढीवर ठेवला की अक्षराचा आकार जवळजवळ पहिल्याइतकाच राहतो, कडा मात्र स्पष्ट होतात, आणि शिवाय थोडी जास्त जागाही मिळते. दिवसभर मराठी मजकुरातल्या चुका शोधण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीने इतर सगळ्या सोयींत काटकसर करावी, पण जमत असेल तर यात करू नये. तेवढे जमत नसेल तर 1920 गुणिले 1080 मध्ये 21.5 इंची घ्यावा, कारण त्याची घनता इंचाला 102 च्या आसपास असते आणि अक्षर 23.8 इंचीपेक्षा किंचित रेखीव दिसते. लहान मॉनिटर घेण्याचे माझ्या मते तुमच्यासाठी हे एकच खरे कारण आहे.

भाच्याकडच्या 19 इंची मॉनिटरविषयी. तो चौकोनी, म्हणजे 5:4 प्रमाणाचा असल्याने त्याचा पडदा सुमारे 37.7 सेंमी रुंद आणि 30 सेंमी उंच असणार. म्हणजे उंचीत तो 23.8 इंची मॉनिटरच्या बरोबरीचा आहे आणि लॅपटॉपशेजारी तुमच्या टेबलावर जेमतेम मावेलही. मजकुराचे एक पान पाहायला हा आकार खरोखर चांगला. परंतु त्यात सहसा 1280 गुणिले 1024 पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला सुमारे 86, आणि जुन्या मॉनिटरांतील प्रकाशनळ्या वापराने मंद व पिवळसर होत जातात. त्याला बहुधा व्हीजीए किंवा डीव्हीआय हे केबल जोडण्याचे जुन्या पद्धतीचे पोर्ट असेल; डीव्हीआय असल्यास साधी केबल पुरते, फक्त व्हीजीए असल्यास संकेत बदलणारे अडॅप्टर लागते. कायमचा वापर त्यावर नको. मात्र दोन आठवडे तो आणून, वेगवेगळ्या उंचीवर ठेवून काम करून पाहायला काहीच हरकत नाही. ब्रॅकेटसाठी भिंतीला भोके पाडण्यापूर्वी उंची पक्की करायला त्याचा चांगला उपयोग होईल.

पोर्टेबल मॉनिटर तुमच्यासाठी नाही. 15.6 इंची पडदा उंचीला 19.4 सेंमी असतो, तो टेबलावरच टेकतो, आणि मान पुन्हा तितकीच खाली जाते. जेवणाच्या टेबलावर काम करून रोज सगळे आवरून ठेवावे लागणाऱ्यांसाठी तो चांगला. तुमचे टेबल अरुंद असले तरी कायमचे आहे.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा चित्र दाखवणारा थर, आयपीएस प्रकारचे असावे; टीएन आणि व्हीए हे त्याचे इतर प्रकार. जवळून पाहताना पडद्याच्या कडांकडे आपली नजर तिरपी पडते, आणि टीएन पॅनेलवर अशा वेळी वरचा व खालचा भाग वेगळ्या छटेचा दिसतो. व्हीए पॅनेलवरही कडांचा रंग थोडा उतरतो. पृष्ठभाग चमकदार नसून मॅट असावा. माहितीपत्रकात ‘फ्लिकर-फ्री’ असा उल्लेख आहे का ते पाहावे, कारण काही मॉनिटर प्रकाश कमी करण्यासाठी दिवा फार वेगाने चालू-बंद करतात आणि काही जणांचे डोके त्याने दुखते. सेकंदाला 60 चित्रे की 100, हा फरक तुमच्या कामात नगण्य आहे.

पोर्ट कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे मात्र नक्की पाहा. ते सरळ मागे उघडणारे असतील तर प्लगची लांबी आणि केबलचा बाक मिळून चार-पाच सेंटीमीटर जातात, आणि भिंतीवर टांगून मिळवलेले अंतर तिथेच संपते. खाली तोंड असलेले पोर्ट हवेत. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जात असेल, तर यूएसबी-सीचा मॉनिटर घेतल्यास चित्र आणि चार्जिंग दोन्ही एकाच केबलने होते. परंतु प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही, म्हणून तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्टचा उल्लेख शोधा आणि मॉनिटर देतो ती वॅटशक्ती तुमच्या चार्जरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. ती सोय नसेल तर एचडीएमआय हा चित्रासाठीचा नेहमीचा पोर्ट आहेच. फक्त 2560 गुणिले 1440 चा मॉनिटर घेणार असाल तर लॅपटॉपचा एचडीएमआय तेवढे पिक्सेल बाहेर देतो का, हेही त्याच पत्रकात पाहून घ्या.

खरेदीपूर्वी एक काम करा. खोक्याचा पुठ्ठा 54 गुणिले 32 सेंटीमीटरचा कापून, त्यावर नेहमीच्या आकारात छापलेले एक पान चिकटवून तो फळीखाली ठरवलेल्या उंचीवर लावा आणि समोर कीबोर्ड ठेवून अर्धा तास बसा. मान वर उचलली जाते का, पुठ्ठ्याची टोके पाहायला डोके वळवावे लागते का, दिव्याचा उजेड तिथे पडतो का, हे सगळे आकड्यांपेक्षा त्यातून लवकर कळते. पुठ्ठा मोठा वाटला तर तो 49 गुणिले 29 चा कापून पुन्हा पाहा.

मॉनिटर घरी आल्यावर त्याची चमक पहिल्याच दिवशी कमी करा, कारण बहुतेक मॉनिटर प्रखर प्रकाशावर ठेवून पाठवलेले असतात. शेजारी धरलेल्या पांढऱ्या कागदाइतका पडदा उजळ दिसला की पुरे. त्यानंतर पूर्ण काळे, पूर्ण पांढरे, लाल, हिरवे आणि निळे चित्र पडदाभर लावून एखादा पिक्सेल मेलेला किंवा अडकलेला आहे का ते तपासा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोके व आतले थर्मोकोल टाकू नका. ब्रॅकेट मात्र ही तपासणी झाल्यावरच भिंतीत बसवा.